जेवायच्या वेळचं नेट

फुलंब्रीच्या कडूबाईंना मीटिंग म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण भाकरी कधी गार होते ते बरोबर कळत होतं. सून अमृता घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायची. हाक मारली की "आले, आत्याबाई" म्हणायची आणि खुर्चीलाच चिकटून राहायची. मग पहिली भाकरी फुगली की कडूबाई हळूच बाहेरच्या खोलीत जाऊन नेटच्या डब्याचं बटन बंद करायच्या. सून लगेच पानावर हजर! "जेवायच्या वेळीच कसं गं जातं मेलं रोज?" असं म्हणून वर त्याच हळहळायच्या.

शेवटी अमृताचे साहेब वैतागले. तिनं जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, सिमवालं डोंगल लावलं आणि राखीव गेटवे उभा केला. "आता डबा बंद पडला तरी नेट आपोआप इकडून वळतं. साहेबांना पत्ताबी लागायचा नाय," ती सासूला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कडूबाईंनी बटन बंद केलं. आतून सुनेचं बोलणं चालूच. त्यांनी चालू करून पुन्हा बंद केलं. तरी चालूच! हिरमुसून त्या तव्याकडं वळल्या, तेवढ्यात आतून आवाज आला, "हॅलो... सर? ऐकू येत नाय... आमच्याकडं नेट गेलं वाटतं."

हात धुऊन अमृता पानावर बसली. "आत्याबाई, गुडघे दुखतात ना तुमचे? उद्यापासून बटनापर्यंत जाऊ नका. नुसती हाक मारा, नेट मी घालवते."