दोन मतांची अट

"चार," चिठ्ठी उलगडून पिर्योबाई म्हणाल्या, आणि वर्गात कुणीतरी फिसकन हसलं.

ही शेवटची, एकोणिसावी चिठ्ठी होती. फळ्यावरच्या चार विषयांपैकी पहिल्या, मोपेड दुरुस्तीच्या शेडखाली नऊ रेघा होत्या, संध्याकाळच्या जादा बसखाली पाच, शाळेत मानसोपचारतज्ज्ञ हवा याच्याखाली चार. चौथा विषय आतापर्यंत कोराच होता. 'सुट्टीतही शाळेत जेवण.' बाईंनी त्याच्याखाली एकच रेघ ओढली आणि खडू ठेवून दिला.

गावच्या युवा मंडळाची अट नववीतल्या सगळ्यांना पाठ होती. वर्गात किमान दोन मतं पडली, तर विषय नगरपालिकेकडे पाठवायच्या मुलांच्या मागण्यांच्या यादीत जाणार. एकच पडलं, तर तिथंच खलास. उगाच कुणा एकट्याचं खूळ पुढे जायला नको, म्हणून.

माना वळू लागल्या. कोण असेल हा? मागच्या बाकावर नीलोचे कान तापले.

आमच्या फिनलंडात शाळेचं जेवण सगळ्यांनाच फुकट. डॉक्टरच्या पोरालाही तेच सूप, बेकार आईच्या पोरालाही तेच. कुणाच्या घरी काय शिजतं, हे ताटावरून कळत नाही. नीलोला ते फार सोयीचं होतं. पण आज शुक्रवार होता, आणि उद्यापासून शरदाची सुट्टी. नऊ दिवस शाळा बंद, स्वयंपाकघरही बंद. घरच्या फ्रीजमध्ये मोहरीची बाटली आणि अर्धा लिटर दूध होतं. आईची फॅक्टरी वसंतातच बंद पडली होती. बाहेर खुंटीवर टांगलेल्या त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात कडक भाकरीचे अकरा तुकडे होते, जेवणाच्या टेबलावरच्या टोपलीतून उचलून कागदात गुंडाळलेले.

मत देताना त्याला चारच लिहायचा होता. मोठ्यांच्या निवडणुकीसारखाच घडीचा कागद, त्यावर छापलेलं एक वर्तुळ, त्यात फक्त आकडा लिहायचा. पुठ्ठ्याच्या आडोशाला त्यानं पेन्सिल टेकवली, आणि मागे रांगेत उभा असलेला ओस्सी ओरडला, "आटप की रे, कादंबरी लिहितोयस का?" नीलो दचकला. हा डोकावतोय की काय? त्यानं घाईघाईनं एक लिहिला. मोपेडची शेड. मोपेड सोडा, त्याच्या सायकलला धड ब्रेकही नव्हते.

"कोण रे तो भुकेला?" आता ओस्सी बाकावर रेलून विचारत होता. "उभा राहा की. वर्गणी काढतो तुझ्यासाठी!"

वर्ग हसला. ओस्सीची नजर एकेका तोंडावरून फिरत मागच्या बाकाकडे यायला लागली. ती आपल्यावर थांबायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. नीलोनं केलं.

"सुट्टीतसुद्धा शाळेत यायचं, ते पण उकडलेल्या बटाट्यांसाठी?" तो मोठ्यानं म्हणाला. "पोसायची ऐपत नाही, तर आईबापांनी पोरं काढावीत कशाला!"

हशा असा उसळला की बाईंना टेबल ठोकावं लागलं. ओस्सीनं तर मागे वळून त्याला टाळी दिली. टाळी घेताना नीलोला आई दिसली. सकाळी "मला भूकच नसते रे सकाळची" म्हणत तिनं शेवटचा पाव त्याच्यापुढे सरकवला होता. त्याला स्वतःची किळस आली. तरी चेहऱ्यावरचं हसू काही त्यानं पुसलं नाही.

"मत गुप्त असतं," बाई कडक आवाजात म्हणाल्या. "कुणी कुणाला विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही."

"माझं आहे ते," पुढच्या बाकावरून सायमी म्हणाली.

हशा कापल्यासारखा थांबला. सायमी म्हणजे गावच्या दंतवैद्यीणबाईंची मुलगी. कमी बोलणारी. तीन वर्षं जेवायला नीलोच्या समोरच बसायची, पण 'मीठ दे' यापलीकडे दोघांत बोलणं नव्हतं.

"तू?" ओस्सीचे डोळे मोठे झाले. "अगं, तुमच्याकडे फ्रीज दोन आहेत!"

"तीन," सायमी म्हणाली आणि वही मिटू लागली.

नीलोनं सुटकेचा श्वास सोडला. वाचलो. श्रीमंतांची लाडाची लेक, असायचंच काहीतरी खूळ. बाईंनी ओल्या फडक्यानं चौथा विषय पुसून टाकला, त्याची एकुलती एक रेघही पुसली, आणि घंटा झाली.

बाहेर व्हरांड्यात सगळे बूट घालत होते, सुट्टीच्या गप्पा मारत होते. हळूहळू गर्दी पांगली. नीलोनं कोट अंगात चढवला तशी खिशातली भाकरी कुरकुरली. शेजारच्या खुंटीपाशी सायमी वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिला ते ऐकू गेलं असणार. तिनं वर पाहिलं नाही.

न बोलता निघून जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण राहवेना.

"कशाला सांगितलंस सगळ्यांसमोर?" तो जरा गुर्मीतच म्हणाला. "आणि तुझं काय अडलं होतं गं, सुट्टीत जेवण मागायला?"

"माझं काहीच नाही." सायमीनं दुसऱ्या बुटाची नाडी ओढून घट्ट केली. मग ती उठली, दप्तर खांद्याला लावलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मला वाटलं होतं, दोन तरी पडतील."