वीतभर कमी

"बसत नाही," निरीक्षक टेप गुंडाळत म्हणाला. "जागा वीतभर कमी पडतेय."

गवंड्याला वाटलं, जमीन दुभंगावी. निदान वीतभर तरी.

ओळखपत्र होतं. विमा होता. करही भरून झाला होता. पण गाडी उभी करायला स्वतःची जागा दाखवल्याशिवाय तिची नोंदणी होत नाही, ही अट त्यानं वाचली ती गाडी घेतल्यावर. आधी गल्लीभर सांगितलं, मग वाचलं. शहाणा माणूस.

जागा खाल्ली होती भिंतीनं. अंगणाच्या मधोमध उभी. पलीकडे थोरला भाऊ. आणि बांधली कुणी? गवंड्यानंच. रागाच्या भरात, एका दिवसात. भांडण कशावरून झालं होतं ते आता फक्त दोघांच्या बायकांना आठवत होतं.

"पाडा की मग," निरीक्षक म्हणाला. "पण अंगण दोघांच्या नावावर आहे. भावाची सही लागेल. शनिवारपर्यंत. नाहीतर अर्ज बाद, गाडी परत."

गवंडी पलीकडे गेला. म्हणजे निघाला. परत आला. शर्ट बदलला. पुन्हा निघाला.

"शर्ट कशाला बदलताय?" बायको म्हणाली. "सही मागायला चाललाय, मुलगी नाही."

दार थोरल्यानंच उघडलं. वाटेत पाठ केलेलं बाणेदार वाक्य गवंडी विसरूनच गेला. बाहेर आलं ते एवढंच: "दादा, गाडी घेतली. भिंत पाडावी लागतेय."

"गाडीचं कळलं. गल्लीतल्या कुत्र्यालाही सांगितलंस. मलाच तेवढं..."

थोरला थांबला. त्यानं कागद ओढून घेतला, चौकटीवर टेकवून सही केली, परत दिला. दार धाडकन लागलं.

झालं. सही मिळाली, भाऊ गेला. गवंडी कागद धरून तसाच उभा राहिला. आता आनंद व्हायला हवा होता.

दार पुन्हा उघडलं. थोरल्याच्या खांद्यावर पहार होती.

"बघतोस काय? घण आण तुझा."

दोघं भिंतीला भिडले. ऊन उतरलं तरी भिंतीचे चार टवकेच उडाले होते. लाज वाटावी की अभिमान, हे गवंड्याला ठरवता येईना.

थोरल्यानं पहार टेकवली. तळहातावरचे फोड बघितले. आणि भिंत उभी राहिल्यापासून पहिल्यांदाच हसला.

"गाढवा, खरं सांग. लोकांची घरं बांधताना कधी एवढं सिमेंट घातलंस का रे?"