टरटरणारं चाक

“आता तो जपानी पुन्हा फिरवा,” बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने कपाळावर हात मारला नाही, एवढंच. बाईंची ही तिसरी खेप. मागच्या चाकाच्या मधोमधचा हब कोणत्या कंपनीचा बसवायचा, यावर इतका काथ्याकूट कुणी करतं? जपानी टिकाऊ. जर्मन वजनाला हलका. इटालियन दिसायला देखणा. त्या अमेरिकनचं मात्र नाव काढू नका. पायडल थांबलं रे थांबलं की असा टरटरतो, की गल्लीतली कुत्री भुंकत बाहेर यावीत.

बाईंचा नवरा दर वेळी सोबत असायचा. बायकोच्या सायकलचं सीट धरून दारात उभा, तोंड रस्त्याकडे. चाकांकडे ढुंकूनही बघायचा नाही.

“नीट निवडायला हवं हो,” बाई म्हणाल्या. “नाहीतर यांची सायकल विकावी लागेल.”

चाक हिच्या सायकलचं, आणि विकायची त्याची! रोग रेड्याला, औषध पखालीला, मिस्त्री मनात म्हणाला आणि त्याने अमेरिकन फिरवला.

“हाच,” नवरा पाठमोराच म्हणाला.

घ्या! न बघताच निवडला, आणि निवडला तोही कोणता! मिस्त्री चरफडला. तीस वर्षांत आवाज करणारी एक सायकल त्याच्या दुकानातून बाहेर पडली नव्हती. लोक त्याच्याकडे यायचेच मुळी आवाज घालवायला. गिऱ्हाईक म्हणतं तो हब बसवू, पण आपली अब्रू आपण राखायची. त्याने हब उघडला, आत घट्ट ग्रीस ठासून भरलं आणि चाक बसवून टाकलं.

शनिवारी दोघं सायकल न्यायला आली. मिस्त्रीने ऐटीत मागचं चाक गरकन फिरवलं. हूं की चूं नाही.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“फिरवताय ना?” नवऱ्याने विचारलं.

“फिरतंय की काका, तुमच्या नाकासमोर!”

नवऱ्याने मान वळवली. त्याची नजर चाकावरून, मिस्त्रीवरून, भिंतीवरच्या पान्यांवरून गेली. कुठेच थांबली नाही.

मिस्त्रीने जीभ चावली.

“तळ्याकाठच्या त्या गाड्यांना बंदी असलेल्या वाटेवर जातो आम्ही,” बाई हळूच म्हणाल्या. “मी पुढे, हे मागे. वळण आलं की मी पायडल थांबवते, मग टरटरीवरून यांना कळतं. जुना हब पार मुका झाला होता.”

मिस्त्रीला स्वतःचीच लाज वाटत होती. त्याने चाक उतरवलं, हब उघडला, होतं नव्हतं ते सगळं ग्रीस पुसून काढलं आणि तेलाचे फक्त दोन थेंब सोडले. चाक बसवून त्याने जोरात फिरवलं. दुकानभर टरटर झाली. शेजारचा शिंपी डोकावून गेला.

नवरा बायकोच्या दिशेने हसला.

“हां,” तो म्हणाला, “आता दिसतेस.”