चार वाजेपर्यंत

ग्रेचेन व्हॅनमध्ये चढून ड्रायव्हरच्या शेजारी बसली, तशी मागची कुजबुज थांबली.

"ती लोरेटाची जागा आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"असू दे आज," वाकून आत येत लोरेटा म्हणाली. "ऑफिसातून पाहुण्या आल्यात. मी बसते डस्टिनच्या घोरण्याशेजारी."

व्हॅन चर्चच्या आवारातून बाहेर पडली. अजून उजाडलं नव्हतं. जिल्ह्याची सहप्रवास योजना ग्रेचेन सांभाळायची. एका गावातून एकाच ठिकाणी कामाला जाणाऱ्यांना जिल्हा व्हॅन द्यायचा. त्यांच्यातल्याच एकाने ती चालवायची, त्याला भाडं माफ. शेल्टनहून जहाजगोदीला जाणारी ही व्हॅन सेव्हेरिनो चालवायचा. म्हातारा मूळचा फिलिपिन्सचा. सगळे त्याला मानोंग म्हणत; त्याच्या भाषेत थोरला भाऊ.

खाडी दिसली आणि सेव्हेरिनोने मांडीजवळची कागदी पिशवी मागे दिली. घरी भाजलेले गोडसर पाव, अजून कोमट. फिरत फिरत पिशवी ग्रेचेनपर्यंत आली तेव्हा आत एकच उरला होता.

"तो मानोंगचा," डस्टिन म्हणाला.

ग्रेचेनने हात मागे घेतला.

गोदीच्या फाटकाशी सगळे उतरले. लोरेटा दार धरून उभी राहिली.

"आमच्यातल्या कोणी तक्रार केलेली नाही, एवढं लक्षात ठेवा."

"माहीत आहे. पहारेकऱ्याने फोन केला होता. तुमच्या व्हॅनमध्ये दिवसभर एक माणूस बसलेला असतो म्हणाला."

"बसला तर बसला. सीट कुरतडतोय का तो?" लोरेटाने दार ओढलं, पुन्हा जरा उघडलं. "चारला, मानोंग."

"चारला," सेव्हेरिनो म्हणाला.

त्याने व्हॅन पार कुंपणाशी नेऊन लावली आणि इंजिन बंद केलं.

"तुम्ही निवृत्त झालात," ग्रेचेन म्हणाली.

"उन्हाळ्यातच. आमच्या रंगखात्याने केक आणला होता. चांगला होता."

"मग इथे दिवसभर काय करता?"

"रेडिओ ऐकतो. डुलकी काढतो. कुंपणाच्या कडेने जरा चालून येतो." त्याने बाहीने काचेवरची वाफ पुसली. "घरीही हेच करतो. पण घरी चार वाजता कोणी येत नाही."

काय बोलायचं ते ग्रेचेन ठरवून आली होती. विमा फक्त कामावर जाणाऱ्या ड्रायव्हरला लागू होतो. उद्या अपघात झाला तर मागची सगळी माणसं उघड्यावर पडतील, योजनाही बंद होईल. ती हे सगळं बोलली. हळू आवाजात, पण बोलली. सोमवारपासून लोरेटा चालवेल.

"मी मागे बसून आलो तर?"

"जागा कामावर जाणाऱ्यांसाठीच आहेत, सेव्हेरिनो."

त्याने मान हलवली. चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"आता तुम्ही परत कशा जाणार, मॅडम?"

ग्रेचेनने खिडकीबाहेर पाहिलं. तिची गाडी चर्चच्या आवारात होती, खाडीच्या पार त्या टोकाला. जिल्हाभरच्या लोकांची घरी परतायची सोय ती लावायची, पण सकाळी व्हॅनमध्ये चढताना आपल्या परतीचा विचार तिच्या मनातही आला नव्हता. एरवी ती एकटीच गाडीने यायची-जायची. तिच्या घराच्या बाजूला राहणारं ऑफिसात कोणी नव्हतं.

तिने फोन काढला. एक फोन केला की कोणीतरी न्यायला आलं असतं. कोणाला करावा ते पटकन सुचेना. नावं वर सरकली, खाली सरकली. तिने फोन पुन्हा पर्समध्ये टाकला.

"व्हॅन जातेच की चारला," सेव्हेरिनो म्हणाला. त्याने पिशवीतला पाव काढला, मोडला आणि मोठा तुकडा तिच्यापुढे धरला.

दुपारी पाऊस लागला. कोणत्या बोटीला कोणता रंग लागतो ते त्याने थोडं सांगितलं, मग टोपी डोळ्यांवर ओढून तो झोपला. झोपेतही त्याचा एक हात स्टिअरिंगवर होता.

जागा झाला तो घड्याळ न बघताच. त्याने हात पुढे केला.

"चावी. लोरेटा दिवसभर बोटीच्या पोटात वेल्डिंग करते, गारठून येते. आधीच गाडी गरम करून ठेवावी लागते."

नियमाने आता चावी त्याच्या हातात द्यायला नको होती. "आजची फेरी तेवढी," ग्रेचेन म्हणाली आणि तिने चावी दिली.

इंजिन घुरघुरलं. पायांशी गरम हवा आली. ग्रेचेनने कोट सारखा केला आणि बसल्या जागी टेकून बसली. सेव्हेरिनो जरासा खाकरला.

"ती लोरेटाची जागा."

"हो. विसरलेच."

"शेवटची, कोपऱ्यातली, कोणाची नाही. तू तिथे बस."

ती मागे गेली. त्या जागेचा पट्टा वापर नसल्याने ताठरला होता, ओढताना अडकत होता. तिने तो कसाबसा लावला.

फाटक उघडलं. माणसांचा लोंढा बाहेर पडला. त्यातून काही डोकी वेगळी झाली, कुंपणाकडे वळली, आणि पावसातून एकेकाचा हात व्हॅनच्या दिशेने वर झाला. सेव्हेरिनोनेही हात वर केला.

मागच्या काचा काळ्या होत्या. ग्रेचेन बाहेरून कोणाला दिसणार नव्हती. तरी तिचाही हात वर गेला होता.