आभाळाकडे बघणारा राक्षस

"औषध घ्या! सेन्सेई, आधी औषध घ्या!" वाकुई दारातूनच ओरडला.

त्याच्या गुरूंनी, उराबे सेन्सेईंनी, औषध घेतलं नाही. टीव्हीच्या पडद्यावर त्यांचा तलवारबाज गुडघ्यावर आला होता, प्राण अगदी कंठाशी. समोर सात शेपट्यांचा राक्षस. सेन्सेई कंट्रोलर मांडीवर ठेवून चष्म्यावरून त्याच्याकडे बघत बसले. राक्षसाची पाळी आली. एक फटका पुरे होता. पण राक्षसानं मान वर केली आणि तो आभाळाकडे बघत राहिला.

"बघितलंस?" सेन्सेई म्हणाले.

"सकाळपासून हेच चाललंय," त्यांच्या बायकोनं, फुसाएबाईंनी, चहा ठेवता ठेवता सांगितलं. "ना त्याला मारतात, ना स्वतः मरतात. निवृत्त झालात, जरा आराम करा म्हणून लेकीनं हा खेळ आणून दिला. आता मला स्वयंपाकघरातसुद्धा त्या मेल्याचंच संगीत ऐकू येतं."

वाकुईनं आणलेला मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढं केला आणि कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या, पांघरुणाखाली उबेत पाय सारले. तो वेगळंच काही विचारायला आला होता. पण कुतूहल त्याला गप्प बसू देईना. ज्या माणसानं शोगीच्या, जपानी बुद्धिबळाच्या, पटावर चाळीसएक वर्षं भल्याभल्यांना घाम फोडला, ज्याच्याशी नुसता सरावाचा डाव असला तरी वाकुईचा घास घशाखाली उतरत नसे, तो माणूस पोरांच्या खेळात असा चाचपडतोय? तेही सगळ्यांत सोप्या पातळीवर?

"सेन्सेई, असं नाही चालत. आधी गावाबाहेर फुटकळ राक्षस मारून ताकद कमवायची. ती जखमा बऱ्या करणारी पोरगी आहे ना, तिला मागच्या रांगेत ठेवायचं. आणि जरा अवघड लेव्हल घ्या की हो. सोपी काय, दिवसभर राबून घरी आलेल्या माणसांसाठी असते."

"अवघड घेऊन बघितली. तिथं हा सरळ मारून टाकतो. सोप्यावरच आभाळाकडे बघतो. का रे?"

वाकुईला हसू आलं. गुरूला काही शिकवायची संधी त्याला आजवर मिळाली नव्हती.

"मुद्दाम तसं बनवलेलं असतं. आपण मरायला टेकलो की तो एक पाळी वाया घालवतो. मग आपण जिंकतो आणि खूश होऊन झोपायला जातो."

"आपल्याला सोडलं, हे खेळणाऱ्याला कळतं?"

"छे! इतकं बेमालूम करतात की काही कळत नाही. त्याला वाटतं, आपलंच डोकं चाललं."

"कधीच कळत नाही?"

"तुम्हाला कळलंच की."

"मी सकाळपासून तीच लढाई पुन्हा पुन्हा खेळतोय, म्हणून कळलं. एकदाच खेळलो असतो तर?"

वाकुईनं समोरचा चहा बाजूला सारला. मग त्यानं मनातलं बोलून टाकायचं ठरवलं.

उद्या शोगीच्या उमेदवारांच्या स्पर्धेत मोसमातला शेवटचा डाव होता. वाकुईला त्याची फिकीर नव्हती, कारण त्याचे पुरेसे विजय झाले होते आणि तो व्यावसायिक खेळाडू होणार हे नक्की झालं होतं. समोर मात्र नोसाका बसणार होता. चौदाव्या वर्षापासून दोघं एका खोलीत राहिले होते, एका वाडग्यातल्या शेवया वाटून खाल्ल्या होत्या. नोसाका उद्या जिंकला तर तोही व्यावसायिक. हरला तर वयाची अट आडवी येणार आणि दार कायमचं बंद.

"ढिला खेळ करायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंय," वाकुई मान खाली घालून म्हणाला. "पण एकच चाल, सेन्सेई. अशी की बघणाऱ्याला चूकच वाटेल. नोसाकालासुद्धा पत्ता लागणार नाही. माझं काय जातंय? त्याचं आयुष्य मार्गी लागेल."

फुसाएबाईंनी उचललेली किटली तशीच खाली ठेवली. आता चांगलीच बोलणी बसणार, म्हणून वाकुई अंग चोरून बसला. पण सेन्सेई रागावले नाहीत. त्यांनी एक बटण दाबलं. तलवारबाजानं वार केला, राक्षस कोसळला, विजयाचे ढोल वाजू लागले. सेन्सेईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझीही वयाची मुदत संपत आली होती," ते म्हणाले. "शेवटचा डाव त्सुकुदाशी. माझा जिवलग, तुझ्यासारखाच आधी व्यावसायिक ठरलेला. मी हरल्यात जमा होतो. त्यानं बराच वेळ विचार केला आणि चांगला पुढं आलेला मोहरा एक घर मागं घेतला. मी जिंकलो, व्यावसायिक झालो."

"त्यांची चूक झाली असेल."

"असेलही. त्याला विचारायचा धीर मला कधी झाला नाही. गेल्या महिन्यात तो वारला."

ढोल वाजतच होते. फुसाएबाईंनी टीव्ही बंद केला. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

सेन्सेईंनी भिंतीवर ओळीनं लावलेल्या मानपत्रांकडे बोट केलं.

"हे सगळे किताब मी जिंकलेले, का त्यानं मला दिलेले, हे आता कुणाला विचारू, वाकुई?"