कुरडयांची राखण

"आजी, तुमच्या फोटोसमोर लोक रडतायत," मला प्रदर्शनात नेताना सरंजामे म्हणाला. हा आमच्या समोरच्या इमारतीत राहतो आणि लांब नळकांड्याच्या कॅमेऱ्याने म्हाताऱ्यांचे चोरून फोटो काढतो. न सांगता काढला की चेहरा खरा येतो, म्हणे.

भिंतीवर मी होते, दाराएवढी. गच्चीवर बसलेली, हातात काठी, नजर आभाळात. खाली नाव दिलं होतं, 'प्रतीक्षा'.

"माझ्या शेजारी वाळत घातलेल्या कुरडया कुठे गेल्या रे?"

"कापल्या, आजी. लक्ष तिकडेच जात होतं."

"अरे शहाण्या, माझंही तिकडेच होतं! कावळा हाकलायला बसले होते मी."

त्याने हसून अभिप्रायाची वही पुढे सरकवली. 'डोळ्यांतली व्याकुळता काळजाला भिडली.' 'सुरकुत्या बोलतात.' माझ्या सुरकुत्या खरंच बोलल्या असत्या, तर या मंडळींना तिथे उभं राहवलं नसतं.

पान उलटलं आणि ओळखीचं अक्षर दिसलं. माझा मुलगा, तारीख कालची. 'आईचा फोटो बघून डोळे भरून आले. म्हाताऱ्या आईवडिलांना वेळ दिलाच पाहिजे.' खाली पुण्याचा पत्ता आणि झोकदार सही.

सभागृहापासून माझं घर चार मिनिटांवर आहे. काल दिवसभर मी घरीच होते.

मी सरंजामेकडून पेन घेतलं आणि त्या सहीखाली लिहिलं, 'मी कावळ्याकडे बघत होते. तो रोज येतो.'