एडिथचं कोकरू

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या आमच्या दफनभूमीत कॅमेरेवाले पुष्कळ येतात, पण ते दगडी देवदूत टिपतात. हा गडी बाळांच्या थडग्यांवरचे रिकामे चौथरे टिपत होता. चोरच! छोट्या एडिथच्या थडग्यावरचं दगडी कोकरू असंच कुणीतरी बागेत मांडायला पळवलं होतं. गवतात पडलेला त्याचा तुटका कान मी तेव्हापासून खिशात बाळगते. थडगी घासायचा ब्रश उगारून मी विचारलं, "काय हो, आता चौथरेही उपटून नेणार?" तो गोरामोरा झाला. "नाही बाई. नुकतीच आई गेली. तिच्या बागेतलं कोकरू कुठल्या थडग्यावरचं, ते शोधतोय." त्यानं गाडीची डिकी उघडली. आत टोपडं घातलेलं कोकरू बसलं होतं. "अस्सं! आणि टोपडं कशाला?" "आईनं विणलंय. दर हिवाळ्यात नवं. काढू द्यायची नाही कुणाला." मी टोपडं वर सरकवलं. कोकराला एकच कान होता.